औषधांच्या यादीत ब्रँडखालचं बारीक नाव लिहा

डॉक्टर विचारतात कुठली औषधं चालू आहेत, आणि आपण सांगतो "बीपीची ती छोटी पांढरी गोळी". आता छोट्या पांढऱ्या गोळ्या ढिगाने आहेत, डॉक्टरांनी त्यातून काय ओळखायचं? पाकिटावर बऱ्याचदा ब्रँड मोठ्या अक्षरात असतो आणि आतल्या औषधाचं नाव बारीक, पण कामाचं ते बारीकच, तेच मिलिग्रॅमसकट लिहून ठेवा.

पॅरासिटामॉलच बघा ना. तापाच्या गोळीत ते असतं, सर्दीच्या कॉम्बिनेशनमध्ये असतं, अंगदुखीच्या काही गोळ्यांतही असतं. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त 4 ग्रॅम, लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी, आणि तीन वेगळ्या नावांनी तेच पोटात गेलं तर बेरीज कोण करणार? लिव्हरमध्ये त्याचा थोडा भाग विषारी होतो, ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्याला निकामी करतो, पण डोस फार झाला की ग्लुटाथायोनचा साठाच संपतो आणि लिव्हरच्या पेशी मरायला लागतात. पहिल्या दिवशी बऱ्याचदा फारसं काही जाणवतही नाही, हे सगळ्यात वाईट.

ॲलर्जीच्या रकान्यात नुसतं "पेनिसिलिन" लिहून भागत नाही. अशी ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्यांची नीट तपासणी केली तर 10 पैकी 9 जणांना ती निघतच नाही, लहानपणी कधीतरी पुरळ आलं किंवा जुलाब झाले आणि शिक्का बसला तो बसलाच. मग साधं औषध सोडून जास्त तगडं अँटिबायोटिक द्यावं लागतं. म्हणून काय झालं ते लिहा: पुरळ, ओठ सुजणं, की धाप लागणं, गोळीनंतर किती वेळाने, साधारण कुठल्या वर्षी. (घरी घेऊन बघायचा प्रयोग मात्र अजिबात नको.)

विटामिन, काढे, कॅल्शियम हे लोक औषधात धरतच नाहीत. पण कॅल्शियम आणि लोह थायरॉईडच्या गोळीला पोटातच अडकवून ठेवतात, नीट शोषू देत नाहीत, म्हणून 4 तासांचं अंतर ठेवायला सांगतात. यादीत कॅल्शियम नसलं तर डॉक्टरांना रक्ताच्या रिपोर्टमध्ये फक्त वाढलेला टीएसएच (थायरॉईड कमी पडतंय याची खूण) दिसतो आणि ते डोस वाढवतात. तसंच, चिठ्ठीवर रोज एक असेल आणि तुम्ही दिवसाआड घेत असाल तर यादीत सरळ दिवसाआडच लिहा, लाजू नका, नाहीतर तिथेही डोस उगाच वाढेल.