आधी आत या, मग विचारा

आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट, ही इंटरनेटवर टाइप करून गप्पा मारायची जुनी सोय. तिथे अडखळलेल्या नवख्याला पूर्वापार एकच सल्ला मिळत आला आहे: हेल्प चॅनेलवर, म्हणजे मदतीच्या गप्पाखोलीत, जा आणि तिथे विचार. पण चॅनेलवर जायचं कसं हेच तर त्या बिचाऱ्याला कळत नसतं. घराची किल्ली घरातच ठेवावी, तसा हा प्रकार. गेल्या काही वर्षांत आयआरसी नेटवर्कांची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरांच्या समूहांची, मदत-पानं नव्याने लिहिली जात आहेत. ती इतकी वर्षं नवख्याच्या उपयोगाची का नव्हती, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी लिहिलं. तिथल्या औलूबॉक्स या बुलेटिन बोर्डावर गप्पांसाठी एक प्रोग्रॅम आधीपासून होता, त्याची जागा घ्यायला. सुरुवातीचे वापरणारे म्हणजे विद्यापीठांतले विद्यार्थी आणि संगणक सांभाळणारे. युनिक्सच्या काळ्या पडद्यावर त्यांचा हात बसलेला, आणि अडलंच तर शेजारच्या टर्मिनलवर विचारायला कोणीतरी होतंच. कागदावर काही उतरवण्याची गरजच पडली नाही. गुरुकुलासारखी ही विद्या तोंडी चालली.

लेखी दस्तऐवज आला तो मे १९९३ मध्ये, आरएफसी १४५९ हा इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा मसुदा. ओइकारिनेन आणि डॅरन रीड यांचा. पुढे वर्षानुवर्षं ‘आयआरसीची माहिती कुठे मिळेल?’ या प्रश्नावर लोक याकडेच बोट दाखवत. पण तो लिहिला होता सर्व्हर आणि क्लायंट (वापरणाऱ्याच्या संगणकावरचा गप्पांचा प्रोग्रॅम) बनवणाऱ्यांसाठी. एक संदेश ५१२ बाइटांहून मोठा नको, टोपणनाव ९ अक्षरांहून लांब नको, टोपणनाव आधीच कोणी घेतलं असेल तर ४३३ हा आकडा परत पाठवा, अशा बाबी त्यात आहेत. महिरपी कंस हे चौकोनी कंसांचं ‘छोट्या लिपीतलं’ रूप (इंग्रजीत A चं a असतं तसं) मानावं, असाही एक नियम आहे. कारण नॉर्डिक देशांतल्या जुन्या संगणकांवर त्या जागी त्यांची खास अक्षरं येत. इतिहास म्हणून मजेशीर गोष्ट. पण नुसतं ‘हॅलो’ म्हणायला आलेल्याच्या काय कामाची?

नवख्यांसाठी कोणी काहीच केलं नाही असं मात्र नाही. त्याच १९९३ मध्ये निकोला पिओश यांनी आयआरसीची एक छोटी प्रवेशिका लिहिली, ती बरीच फिरली. आयआरसी-टू हा युनिक्सवरचा क्लायंट सुरू केला की नव्या माणसासाठीची मदत आधी वाचा, असं तो स्वतःच सुचवायचा. यात एक बारीक फरक दिसतो. क्लायंट लिहिणाऱ्याला समोर बसलेला माणूस दिसत होता, नेटवर्क चालवणाऱ्याला दिसत नव्हता. नेटवर्कच्या बाजूने नवख्याला मिळायचा तो ‘मोटडी’ म्हणजे आजचा संदेश: जोडणी झाली रे झाली की धबधब्यासारखा कोसळणारा मजकूर. नियम, इशारे, चिन्हांनी काढलेली चित्रं, पुन्हा नियम. कोणी वाचायच्या आत तो वर सरकून गेलेला असे.

१९९५ मध्ये विंडोजसाठी एमआयआरसी हा क्लायंट आला आणि आज्ञांच्या जागी मेनू व बटणं आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढच्या काही वर्षांत आपल्याकडच्या सायबर कॅफेंतही एमआयआरसी दिसू लागलं. मीही तिथेच शिकलो, आणि मदत-पान नावाचं काही असतं हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा काय टाइप करतो ते पाहायचं, बस्स. औलूतली तोंडी परंपरा इथे तासाच्या भाड्याने चालू होती.

दरम्यान नेटवर्कं फुटत गेली. १९९४ मध्ये सुरू झालेल्या डालनेटने टोपणनाव आणि चॅनेल नोंदवून ठेवणाऱ्या सेवा रुळवल्या, निकसर्व्ह आणि चॅनसर्व्ह. सोय मोठी झाली, पण शिकण्याचं ओझंही वाढलं. टोपणनाव नोंदवायचं तर मदत-पानावरचा नमुना पाहायचा, आणि त्यात पासवर्डची जागा टोकदार कंसांत दाखवलेली. लिहिणाऱ्याला ठाऊक की कंस टाइप करायचे नसतात. वाचणारा कंसासकट टाइप करणार. शिवाय आज्ञेच्या आधीच्या तिरक्या रेघेपूर्वी (/) चुकून एक मोकळी जागा सुटली, तर ती आज्ञा राहतच नाही, साधा संदेश होते आणि पासवर्ड भर चॅनेलवर झळकतो. मी हे केलेलं आहे. दोन-तीन जण हसले, एकाने ‘मॅन्युअल वाच’ म्हणून सुनावलं. त्या मॅन्युअलात या मोकळ्या जागेबद्दल अवाक्षर नव्हतं.

या ‘मॅन्युअल वाच’ वृत्तीवर खरा घाव बाहेरून बसला. २०१३ मध्ये स्लॅक आलं, २०१५ मध्ये डिस्कॉर्ड, दोन्ही गप्पांची नवी अ‍ॅप्स. चॅनेलच्या नावाआधीची जाळीची खूण (#) आणि आज्ञेआधीची तिरकी रेघ दोघांनीही आयआरसीचीच वापरली, पण आत यायला एक दुवा पुरे. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०२० च्या मार्चमध्ये आपला जुना आयआरसी सर्व्हर बंद केला आणि मॅट्रिक्स या गप्पांच्या नव्या व्यवस्थेचा रस्ता धरला.

मग आला मे २०२१. मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांचं माहेरघर असलेल्या फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या मालकीवरून वाद विकोपाला गेला. तिथल्या बहुतेक स्वयंसेवकांनी काम सोडलं आणि १९ मे रोजी लिबेरा चॅट हे नवं नेटवर्क उभं केलं. चॅनेलच्या माथ्यावरची विषयओळ म्हणजे आयआरसीवरची गावची पाटी. ‘आम्ही लिबेरावर गेलो’ असं त्या पाटीवर लिहिणारी शेकडो चॅनेलं फ्रीनोडच्या नव्या व्यवस्थापनाने ताब्यात घेतली. पाटीवर काय लिहायचं यावरून एवढं रण माजलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. प्रकल्पांच्या पानापानांवर विखुरलेले जुने पत्ते एका आठवड्यात खोटे ठरले. उबुंटू, विकिमीडिया, जेंटू, साऱ्यांनाच ‘आमच्याशी कुठे बोलाल’ हे पान पुन्हा लिहावं लागलं. आणि कोऱ्या पानासमोर बसल्यावर वीस वर्षांचा अनुभवी माणूसही क्षणभर नवखा होतो.

लिबेराची मार्गदर्शक पानं याच घाईतून उभी राहिली. जोडणी, नोंदणी आणि चॅनेल शोधणं यांची वेगवेगळी पानं, काहीही न बसवता ब्राउझरमधून आत येण्याची सोय, आणि संकेतस्थळाचा मजकूर गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर खुला, म्हणजे चूक दिसली की कोणीही दुरुस्ती सुचवावी.

चांगल्या शिकवणुकीचा एक नमुना मात्र त्याआधीपासून भारतातच होता. पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरच्या लिनक्स गटाने २००८ पासून उन्हाळी प्रशिक्षण थेट आयआरसीवर भरवलं. तिथे प्रश्न असेल तर आधी नुसतं उद्गारचिन्ह टाइप करायचं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. वर्गात हात वर करावा तसं. हा नियम सांगायला एक ओळ पुरते.

मराठीत लिहू पाहणाऱ्याची एक अडचण अजून बहुतेक मदत-पानांत नाही. युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा. ‘नमस्कार’चे एकवीस बाइट. एका संदेशाच्या त्या ५१२ बाइटांतून चॅनेलचं नाव, पाठवणाऱ्याचा पत्ता वगैरे वजा केलं की हाती जेमतेम दीडशे चिन्हं उरतात. म्हणून चार वाक्यांचा संदेश पाठवावा आणि पलीकडे तो तिसऱ्या वाक्याच्या मध्येच तुटावा, शेवटच्या अक्षराच्या जागी एक चौकट उमटावी, असं होतं. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर बहुधा तो पूर्णच दिसत राहतो.