लोकपाल वेगळा, विशेष न्यायाधीश वेगळा

"लोकपालाने त्याला सात वर्षं आत टाकायला हवं होतं." लाचेचा आरोप असलेल्या कोणाबद्दल असलं काही वाचलं की राहवत नाही, कारण लोकपाल, म्हणजे भ्रष्टाचाराच्या तक्रारी बघणारी केंद्रातली संस्था, कोणालाच एक दिवसही आत टाकू शकत नाही. ते काम विशेष न्यायाधीशाचं.

विशेष न्यायाधीश म्हणजे आपला नेहमीचा सेशन्स किंवा ऍडिशनल सेशन्स जज, ज्याला लाचेचे खटले चालवायला 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेलं असतं. परीक्षा, बढत्या, बदल्या सगळं इतर जजांसारखंच, त्यात नवीन काही नाही.

खरा घोळ लोकपालाचा. या संस्थेचे अध्यक्ष बहुतेकांना 'जज' वाटतात, कारण सुप्रीम कोर्टातून आलेले असतात. पहिले अध्यक्ष पिनाकी चंद्र घोष 2019 मध्ये आले, 2024 पासून अजय खानविलकर, दोघेही तिथलेच माजी न्यायाधीश. पण खुर्चीवर माणूस जज होता म्हणून ती खुर्ची कोर्टाची होत नाही. लोकपालाच्या 2013 च्या कायद्यात तर न्यायाधीश नसलेली, अटीत बसणारी मान्यवर व्यक्तीसुद्धा अध्यक्ष होऊ शकते. लोकपाल तक्रार बघतो, प्राथमिक चौकशी करायला लावतो, समोरच्याचं म्हणणं ऐकतो, गरज वाटली तर सीबीआयसारख्या यंत्रणेला तपास सांगतो आणि शेवटी खटला भरायला मंजुरी देतो किंवा नाकारतो. बस्स, मंजुरी! दोषी की निर्दोष हा प्रश्न तिथे सुटतच नाही, तो दोषारोपपत्र विशेष कोर्टात गेल्यावर सुरू होतो, आणि मंजुरीची बातमी आली की लोक त्याला 'दोषी ठरवला' म्हणून मोकळे होतात, याचा मला मनापासून राग येतो, कारण त्यात एखाद्या निर्दोष माणसाचं आयुष्य जातं.

विशेष न्यायाधीशाचं काम किती बारीक असतं बघा. लाच घेताना पकडायला लावलेल्या सापळ्यातल्या नोटांना फिनॉल्फ्थॅलिन पावडर लावलेली असते, आरोपीची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं, ते बाटलीत सीलबंद होऊन कोर्टात येतं. लोकांना वाटतं, पाणी गुलाबी म्हणजे केस संपली. नाही! लाच मागितली होती हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं. आणि नेमका तक्रारदारच साक्षीच्या वेळी फितूर झाला तर? डिसेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की तेवढ्याने केस पडत नाही, इतर साक्षीदार आणि परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही मागणी सिद्ध करता येते. हे सगळं तोलून निकाल लिहिणारा हाच जज, त्याला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही असं माझं ठाम मत आहे.

करिअर म्हणून विचारणाऱ्या लॉच्या मुलांसाठी: लोकपालाचा अध्यक्ष किंवा सदस्य व्हायची परीक्षा नसते, निवड पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची समिती करते, मुदत पाच वर्षं किंवा वयाची सत्तरी, जे आधी येईल ते, आणि नंतर सरकारी नोकरीही करता येत नाही. तुम्हाला लाचखोरीचे खटले खरंच चालवायचे असतील तर जेएमएफसीची, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची परीक्षा द्या आणि बढतीने सेशन्स जजपर्यंत जा, नाहीतर सात वर्षं वकिली करून थेट जिल्हा न्यायाधीशाच्या परीक्षेला बसा.