प्रेसला फाईल द्यायची आहे? आधी एवढं तपासून घ्या

प्रेसमध्ये कुठली फाईल चालते विचारलं तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर, प्रिंट-रेडी पीडीएफ. पण नुसतं पीडीएफ म्हणून सेव्ह केलं की झालं असं नसतं.

पेज फायनल कटिंगच्या मापाचं घ्या आणि चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कटिंगच्या बाहेर वाढवलेला रंग किंवा चित्र) द्या, म्हणजे ए४ ब्लीडसकट २१६ बाय ३०३ मिमी होतो. कटिंग थोडं इकडेतिकडे होतंच, ब्लीड नसेल तर कडेला पांढरी रेघ दिसते. मजकूर आणि लोगो कटिंगपासून ५ मिमी तरी आत ठेवा.

कलर सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचा (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी). स्क्रीनवरचा भडक निळा, पोपटी कागदावर मंदच येणार, ते कन्व्हर्ट करून आधीच बघा. खरी गडबड काळ्यात होते. बारीक काळा मजकूर फक्त के १०० (नुसती काळी शाई, १०० टक्के) हवा, आरजीबीतून (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतून) आलेला काळा चारही शायांमध्ये विभागला जातो आणि एखादी प्लेट (प्रत्येक शाईचा वेगळा छपाईचा पत्रा) केसभर सरकली तरी अक्षरांच्या कडेला रंगीत झाक येते, वाचवत नाही. अॅक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडून ब्लॅकची टिक काढा, पांढऱ्यावरचा काळा मजकूर पूर्ण गायब झाला तर ठीक, मागे काही उरलं तर फाईल परत दुरुस्त करा.

फोटो छापायच्या साईजला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके). ७२ चा फोटो नुसता आकडा बदलून ३०० होत नाही, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला असेल तर सरळ ओरिजिनल मागवा.

फॉन्ट पीडीएफमध्येच एम्बेड करा नाहीतर कर्व्ह करा (अक्षरांचे नुसते आकार करा). ओपन, म्हणजे एडिट होणारी फाईल दिली आणि तिकडे तो फॉन्ट नसला तर जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. कर्व्ह केल्यावर मराठी मजकूर एकदा पूर्ण वाचाच, आणि एडिट होणारी कॉपी स्वतःकडे ठेवा.

मध्ये पिन मारायची पुस्तिका असेल तर पानं ४ च्या पटीत, सुटी आणि क्रमाने द्या, पानांची जुळवणी प्रेसवाले करतात.

फाईलसोबत मेलमध्ये साईज, नग, कागद आणि त्याचा जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), एक बाजू की दोन्ही, लॅमिनेशन, फोल्डिंग हे सगळं लिहून द्या, तोंडी सांगितलेलं राहून जातं. डायकट (साच्याने खास आकारात कापणं) किंवा स्पॉट यूव्ही (ठराविक भागावर चकचकीत थर) असेल तर ते वेगळ्या स्पॉट कलरमध्ये (चार शायांबाहेरचा, स्वतंत्र नावाचा रंग) लागतं.

मग प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना येतो. तुम्ही ओके दिलं की त्यानंतर सापडलेली चूक सहसा तुमच्याच खर्चात जाते, त्यामुळे तारखा, फोन नंबर, नावं दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या. करेक्शन निघालं तर त्याच नावाने फाईल परत पाठवू नका, नावात व्ही२ टाका आणि आधीची रद्द असं स्पष्ट लिहा, नाहीतर प्लेट जुन्याच फाईलची निघते.