रूळ एकच, माप दोन: एचओ आणि ओओ

एचओ आणि ओओ ही मॉडेल रेल्वेची दोन मापं. एचओचा आणि ओओचा डबा एकाच रुळावर ठेवा, दोन्ही बिनबोभाट धावतील. त्यामुळे दोन्हींचं माप एकच असा समज सहज होतो. तयार मॉडेल घेणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही; पण प्लॅस्टिक शीट कापून डबा स्वतः उभा करायचा असेल, तर पहिला काप इथेच चुकतो.

गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. स्केल म्हणजे मूळ गाडीपेक्षा मॉडेल किती पट लहान. एचओ आणि ओओ दोन्हींचं गेज १६.५ मिमी. स्केल मात्र एचओचं १:८७, म्हणजे खऱ्या फुटाला ३.५ मिमी, आणि ओओचं १:७६.२, म्हणजे फुटाला ४ मिमी. अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय? ४० फुटी मालडबा एचओत १४० मिमी भरतो, ओओत १६०. फरक तिन्ही दिशांना पडत असल्याने तोच डबा ओओत आकारमानाने जवळजवळ दीडपट होतो. शेजारी उभे केले की एक दुसऱ्याचा थोरला भाऊ वाटतो.

हा घोळ ब्रिटिश. तिथली खरी इंजिनं अंगाने लहान, आणि सुरुवातीच्या काळातल्या मॉडेलच्या विजेच्या मोटारी १:८७ च्या सांगाड्यात मावत नव्हत्या. मग वरचा सांगाडा मोठा केला आणि रूळ तसेच ठेवले. सोय झाली, पण प्रमाण गेलं. खऱ्या रेल्वेच्या १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी एचओत १६.५ मिमी बरोबर बसतं, ओओत १८.८३ हवं होतं. समोरून पाहिलं तर ओओची गाडी अरुंद रुळावर बसलेली दिसते. ज्यांना हे खपत नाही ते १८.२ मिमीच्या ईएम किंवा १८.८३ च्या पी-फोर गेजकडे वळतात. ती वाट चिकाटीची आहे, नवख्याने तिच्या नादी लागू नये असं माझं मत.

खरी मेख डब्याच्या पोटाखाली आहे. ओओत ड्रॉइंगप्रमाणे चाक जिथे हवं, त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी सुमारे १.२ मिमी आत येतं. ब्रेकचे ठोकळे ड्रॉइंग बघून चिकटवले तर ते चाकासमोर न येता बाहेरच्या बाजूला लोंबकळत राहतात. म्हणून ओओत आधी चाकं बसवायची, मग ठोकळे चाकांच्या रेषेत आणायचे. बाजूच्या चौकटी आणि आसपेट्या (आसांची टोकं धरणाऱ्या पेट्या) मात्र ड्रॉइंगप्रमाणेच, कारण बघणाऱ्याची नजर त्यांच्यावर असते.

चाकं घेतानाही गेज बघून भागत नाही. ३३ इंची चाक एचओत ९.६ मिमी व्यासाचं, ओओत ११ मिमीचं. एचओची चाकं ओओच्या डब्याखाली धावतात खरी, पण डबा बुटका होतो आणि कप्लिंगची उंची जुळत नाही.

ओओसाठी काढलेलं ड्रॉइंग एचओला वापरायचं तर प्रिंट ८७.५ टक्क्यांवर काढा. उलट करायचं तर ११४.३ टक्के. प्रिंटरवर विसंबू नका, कागदावर आसांमधलं अंतर पट्टीने मोजा. आणि शीटची जाडी टक्क्यांनी बदलत नाही, तेव्हा आतली मापं नव्याने काढावी लागतात.

एन या आणखी लहान मॉडेल गेजमध्येही हेच दुखणं आहे: रूळ सगळीकडे ९ मिमी, पण स्केल सर्वसाधारणपणे १:१६० आणि ब्रिटिश मॉडेलांचं १:१४८.