बेसिल : गोव्यातील परसबागेत

बेसिल ही पुदिन्याच्या कुळातील (लॅमिएसी) वर्षायू सुगंधी वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव ऑसिमम बॅसिलिकम आहे. अंगणातल्या वृंदावनातली तुळस ती ऑसिमम टेन्युफ्लोरम. दोघींची प्रजाती (ऑसिमम) एक, जाती वेगळ्या. फालुद्यातला सब्जा मात्र बेसिलचेच बी. तरीही बाजारातला सब्जा पेरून पेस्टोची (बेसिलच्या पानांच्या इटालियन चटणीची) अपेक्षा करू नये : त्याच्या पानांना बहुधा बडीशेपेकडे झुकणारा वास असतो. रुंद, मऊ पानांच्या इटालियन वाणाचे बी वेगळे आणावे लागते.

हे झाड उष्ण प्रदेशातले. पारा 10° से. च्या खाली उतरला की पाने काळवंडतात, आणि दव गोठले की झाड मरते. त्यामुळे थंड देशांत बी वसंताच्या तोंडावर घरातच, उबदार खिडकीशी रुजवतात. बाहेर गोठण्याची भीती सरल्यावर रोपे बागेत नेतात आणि थंडी परतण्याआधी सगळी पाने काढून घेतात. गोव्यात ही चिंता नाही. किनाऱ्यावर जानेवारीतली रात्रही साधारण 20° से. च्या आसपास असते. इथे बेसिलला मारतो तो पाऊस. वर्षाकाठी सुमारे 3,000 मिमी पडणाऱ्या पावसापैकी बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. म्हणूनच परदेशी पाकिटावरचे ‘वसंतात पेरा’ इथे पाळू नये. मार्च-एप्रिलमध्ये पेरलेले रोप जेमतेम भरते, तोच मिरग लागतो. चतुर्थी आटोपून पावसाचा जोर ओसरला की, नवरात्राच्या सुमारास, पेरणी करावी. तुळशीच्या लग्नाच्या आसपास पहिली पाने खुडायला मिळतात आणि मेपर्यंत झाड चालते.

बी मातीवर भुरभुरून वर बारीक मातीचा अगदी पातळ थर द्यावा. पाणी शिंपडताच काही मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती निळसर करडा, बुळबुळीत थर फुगतो. तो बुरशीचा नव्हे, सब्जा भिजल्यावर दिसतो तोच. आठवड्याभरात अंकुर येतात. गोव्याची जांभी माती एकटी वापरू नये. ती आम्लधर्मी असते आणि कुंडीत वाळली की घट्ट बसते. तीत कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हापासून आडोसा हवा.

खरी मेहनत खुडण्याची. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा एका जोडीच्या किंचित वर कापावा. त्या जोडीच्या बगलेतून दोन फांद्या फुटतात, त्यांचेही शेंडे पुढे असेच घ्यावेत. नुसती खालची मोठी पाने ओरबाडणारे बरेच असतात. त्यांचे झाड उंच, काटकुळे होते. मंजिऱ्या दिसू लागताच खुडाव्यात, कारण फुलोरा धरल्यावर पाने लहान होतात आणि चवही उतरते. एक झाड मात्र बियांसाठी मुद्दाम फुलू द्यावे. मधमाश्या त्यावर भरपूर येतात.

दमट हवेत केवडा हा मोठा रोग (पेरोनोस्पोरा बेलबाहरी). पान वरून शिरांच्या मधोमध पिवळे पडते, म्हणून खताची कमतरता समजून लोक आणखी खत घालतात. पान उलटून पाहावे : खाली करडी-जांभळी लव असेल तर ते झाड उपटून टाकावे, त्याचे बीही धरू नये, कारण रोग बियांतूनही पसरतो. रोपे दाटीने लावू नयेत आणि पाणी सकाळी, मुळाशी घालावे. पावसाळ्यात एखादी कुंडी पागोळ्यांपासून दूर, उजेडाच्या सोप्यावर तगते, पण झुडपाऐवजी कलमे जपणे सोपे : वीतभर कोवळी फांदी पाण्याच्या पेल्यात ठेवली की एक-दोन आठवड्यांत मुळे फुटतात.

खुडलेले बेसिल फ्रीजमध्ये ठेवू नये. तिथल्या गारठ्याने पाने काळी पडतात. देठ पाण्यात बुडवून ओट्यावर ठेवल्यास काही दिवस ताजे राहते.