मेमरिस्टर

आपल्यातून आजवर एकूण किती विद्युतभार वाहून गेला, त्यावर ज्याचा रोध ठरतो असा दोन अग्रांचा विद्युत घटक. रेझिस्टर (रोधक), कपॅसिटर (भार साठवणारा) आणि इंडक्टर (तारेची गुंडाळी) यांच्या पंक्तीत हा चौथा मूलभूत घटक असायला हवा, असे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये मांडले.

चुआ यांचा युक्तिवाद निव्वळ सममितीचा होता. व्होल्टेज, प्रवाह, भार आणि फ्लक्स (गुंडाळीतून जाणारे एकूण चुंबकीय क्षेत्र) या चार राशींच्या जोड्या होतात सहा. प्रवाहाचे काळानुसार संकलन म्हणजे भार आणि व्होल्टेजचे तसेच संकलन म्हणजे फ्लक्स. या दोन जोड्या व्याख्येतच संपल्या. तीन जोड्या परिचित घटकांकडे गेल्या. उरली भार-फ्लक्स ही जोडी, तिला घटकच नव्हता. भारागणिक फ्लक्स ज्या दराने बदलतो तो मेमरिस्टन्स, एकक ओहमच. तो स्थिर धरला तर समोर उरतो साधा रेझिस्टर, म्हणून रेषीय (स्थिर मूल्यांच्या घटकांच्या) मंडलांवर काम करणाऱ्यांना ही उणीव कधी जाणवलीच नाही.

मेमरिस्टरला एसी व्होल्टेज दिले की प्रवाह-व्होल्टेज आलेखात आरंभबिंदूपाशी चिमटलेला, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फास उमटतो. वारंवारता वाढवत नेली की तो आकसत सरळ रेषेवर येतो.

२००८ मध्ये पालो आल्टोच्या एचपी प्रयोगशाळेत स्टॅन्ली विल्यम्स यांच्या गटाने असा घटक सापडल्याचे जाहीर केले. प्लॅटिनमच्या दोन अग्रांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर. त्याच्या एका भागात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा जास्त, म्हणून तो भाग चांगला वाहक. प्रवाहासरशी या जागा सरकतात, दोन भागांमधली सीमा हलते आणि रोध बदलतो. प्रवाह थांबला की सीमा होती तिथेच राहते. हा परिणाम जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने मायक्रोमीटरऐवजी नॅनोमीटर जाडीत तो दहा लाख पट ठळक होतो.

वाद इथूनच पेटला. या उपकरणात चुंबकीय फ्लक्स कुठेच नाही. आहे ते फक्त व्होल्टेजचे गणिती संकलन. शिवाय आदर्श मेमरिस्टर कितीही क्षीण प्रवाहाने बदलत असेल, तर उष्णतेच्या गोंगाटानेच त्याची स्मृती पुसली जाईल. रोध बदलणारे ऑक्साइड थर तर १९६० च्या दशकापासून माहीत होते. २०११ मध्ये चुआ यांनी अशा सगळ्याच रोध-बदल स्मृतींना (रोध बदलून माहिती साठवणाऱ्या घटकांना) मेमरिस्टर ठरवले. पण व्याख्या इतकी सैल केल्यावर मूळच्या ‘मूलभूत’ या दाव्यात फारसा दम राहत नाही.

व्यवहारात हे घटक आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत प्रत्येक छेदावर बसवतात. ओळींना व्होल्टेज दिले की प्रत्येक घटकातून व्होल्टेज गुणिले वाहकता इतका प्रवाह जातो, प्रत्येक स्तंभात या प्रवाहांची बेरीज आपोआप होते आणि मॅट्रिक्सचा गुणाकार स्मृतीच्या जागीच उरकतो. कृत्रिम न्यूरल जाळ्यांसाठी सध्या याच गुणाचा पाठपुरावा चालू आहे.