‘आज्जी आज च्या मागितल्या नाहीत’

एप्रिल २०२१. सोलापूरचा पारा चाळिशीपार आणि करोनाची दुसरी लाट ऐन भरात. माझी आत्या तेव्हा ब्याऐंशी वर्षांची, मुरारजी पेठेत राहणारी. तिला सांभाळायला कुंभारीकडच्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून एक मावशी यायच्या. वीसेक वर्षं विड्या वळून बोटं आणि मान गेल्यावर त्या पेशंट सांभाळायच्या कामाला लागल्या होत्या. एका सकाळी त्यांचा फोन आला, “आज्जी आज च्या मागितल्या नाहीत.”

मी विचारलं, ताप? “अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ.” ऑक्सिजन? “शहाण्णव.” खोकला? “नाही.” उकाड्यानं नको वाटला असेल चहा, असं म्हणून मी फोन ठेवला. दुपारी आत्या अक्कलकोटच्या माहेरच्या कानडीत, कधीच गेलेल्या भावाशी बोलायला लागली. शेजारीण म्हणाली, वात झालाय. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

विज्ञानावर लिहिणाऱ्या माणसाला जे कळलं नाही, ते मावशींना चहाच्या कपावरून कळलं होतं. त्यात दैवी काही नव्हतं. त्यामागे साधं शरीरशास्त्र आहे.

ताप जंतूमुळे येतो असं आपण म्हणतो, पण तो आणतं आपलंच शरीर. रोगप्रतिकारक पेशी काही रासायनिक निरोप सोडतात, ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जातात आणि तिथला तापमानाचा काटा वर सरकतो. म्हातारपणी हे निरोप क्षीण होतात. उष्णता तयार करण्याची आणि ती अंगात धरून ठेवण्याची ताकदही कमी होते. शिवाय अनेक वृद्धांचं रोजचं तापमानच कमी असतं. आत्याचं सकाळचं तापमान ९६.८ फॅरनहाइटच्या आसपास असे. म्हणजे त्या दिवशीचं ९८.८ तिच्यासाठी दोन अंशांनी जास्त होतं. वृद्धाश्रमांसाठीच्या वैद्यकीय निकषांत नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंश फॅरनहाइटहून जास्त वाढ ताप म्हणून मोजतात. आत्या त्या सीमेवर उभी होती आणि मी शंभराची वाट बघत होतो.

भ्रमाचंही, म्हणजे एकाएकी भान सुटून बरळण्याचंही, तसंच. अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांत आलेल्या ८१७ वयस्क कोविड रुग्णांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतले २८ टक्के लोक भ्रमाच्या अवस्थेत आले होते. आणि भ्रम झालेल्यांपैकी ३७ टक्क्यांना ताप किंवा धाप यांसारखं ओळखीचं लक्षण नव्हतंच. संसर्गाने शरीरभर उठलेला दाह वयस्क मेंदूला सोसत नाही. फुप्फुस तक्रार करायच्या आधी मेंदू बोलतो. बरळणं, दिवसभर गुंगीत पडून राहणं, एकाएकी तोल जाणं, ताटातली आवडती शेंगाचटणी तशीच राहणं. ‘वय झालंय’ म्हणून आपण जे सोडून देतो, तेच अनेकदा पहिलं लक्षण असतं.

हे कोणाला आधी दिसतं? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वृद्धाश्रमातल्या मदतनीसांना रहिवाशांच्या वागण्यातला फरक टिपून ठेवायला सांगितलं होतं. वैद्यकीय कागदावर आजाराची नोंद होण्याच्या सरासरी पाच दिवस आधी तो त्यांच्या टिपणात उतरलेला होता. त्यांच्या हातात कुठलंही यंत्र नव्हतं. त्यांना त्या माणसाचं ‘नेहमीचं’ ठाऊक होतं, एवढंच.

ऑक्सिमीटरचा आकडाही असाच ‘नेहमीच्या’ शेजारी ठेवून वाचायचा असतो. बोटाच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडतात, पलीकडे किती पोचला ते मोजतात. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त जाऊ देतं, रिकामं हिमोग्लोबिन तो शोषतं. दोन्हींच्या गुणोत्तरावरून आकडा निघतो. पण बोट गार असेल, थरथरत असेल, नखाला नेलपॉलिश असेल तर यंत्र गडबडतं. कूलरसमोर बसलेल्या माणसाची बोटं गार पडतात, हे मावशींनी स्वतःच हेरलं. त्या आधी आत्याचा हात चोळून कोमट करत, मग चिमटा लावून आकडा स्थिर होईपर्यंत थांबत. गडद त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतं, हेही २०२० मध्ये अमेरिकेत स्पष्ट झालं होतं. म्हणून एकट्या शहाण्णववर जाऊ नये. काल किती, परवा किती, आणि घरातल्या घरात चालवल्यावर किती, हे बघावं. महाराष्ट्रात तेव्हा सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगत, साठीपुढच्यांना तीन मिनिटं. चालून आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनाहून जास्तने घसरला, तर डॉक्टर गाठायचे. आत्याचा सहाव्या दिवशी घसरला. धाप मात्र अजिबात नव्हती.

आता थोडं कूलरबद्दल, कारण सोलापूरचा उन्हाळा आणि हवेतून पसरणारा विषाणू यांची गाठ तिथेच पडते. करोनाचे बारीक कण बंद खोलीत धुरासारखे तरंगत राहतात. साधा स्प्लिट एसी तीच हवा गार करून फिरवतो. खिडकीत बसवलेला कूलर मात्र बाहेरची हवा आत ओढतो. समोरचं दार-खिडकी उघडी असेल तर आतली हवा सतत बाहेर ढकलली जाते. आपल्याकडचा गरिबाचा कूलर या बाबतीत श्रीमंताच्या एसीपेक्षा शहाणा ठरला, याची मला मौज वाटते. (तोच कूलर खोलीच्या मध्ये ठेवला तर हा फायदा गेलाच.) शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या मागाच्या खोलीला लागून असलेल्या एकाच खोलीत पाच-सहा माणसं राहतात, तिथे ‘सहा फूट अंतर ठेवा’ हा विनोदच. तिथे उघडी खिडकी आणि मास्क एवढंच हातात उरतं.

मास्कची अडचण वेगळीच निघाली. आत्याला ऐकू कमी येतं आणि ती ओठ बघून समजून घेते, हे मास्क आल्यावरच आम्हाला कळलं. ऐकू येईना म्हणून सगळे ओरडायला लागले. आवाज जितका मोठा तितके तोंडातून जास्त कण बाहेर पडतात, हे २०१९ मध्येच मोजून झालेलं होतं. मावशींनी काय केलं, तर बोलताना कूलर बंद केला, चांगल्या कानाच्या बाजूला बसल्या आणि खालच्या पट्टीत सावकाश बोलायला लागल्या. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे किंचाळण्यापेक्षा हे जास्त पोचतं.

तोंडाच्या स्वच्छतेकडे महामारीत फार कोणी बघितलं नाही. आम्ही किराणा मालाच्या पिशव्या सॅनिटायझरने पुसत होतो आणि आत्याची कवळी रात्रभर तोंडातच असायची. तोंडातले जंतू झोपेत लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात. वृद्धांच्या न्यूमोनियाचं हे मोठं कारण. जपानमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात, ज्या वृद्धाश्रमवासीयांचे दात काळजीवाहक रोज घासून देत त्यांच्यातल्या ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. बाकीच्यांमध्ये १९ टक्क्यांना. एक ब्रश आणि पाच मिनिटं. कवळी रात्री वाटीत काढून ठेवायची, एवढं तर कोणालाही जमावं. मिश्री सोडवणं मात्र मावशींनाही जमलं नाही.

पाच दिवस दवाखान्यात काढून आत्या घरी आली तेव्हा फुप्फुसं सावरली होती, पाय गेले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं, तर पायांचं जवळपास एक किलो स्नायू-वस्तुमान घटलं. आजार नसताना. त्यामुळे ‘बाहेर जाऊ नका, पडून राहा’ हा प्रेमाचा सल्ला लॉकडाऊनमध्ये अनेकांच्या मांड्यांवर बेतला असणार. मावशी दर तासाला आत्याला खुर्चीतून पाच वेळा उठवून बसवत. सोबत डाळ, अंडं, आणि न मागता पाणी, कारण म्हातारपणी तहानही उशिरा लागते.

हे सगळं खरं, पण मावशी स्वतः दारातून रोज बाहेरचं जग घेऊन येत होत्या, हेही खरंच. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस विषाणू पसरवतो, त्यामुळे दारात ताप मोजून निर्धास्त होण्यात अर्थ नव्हता. २०२० मध्ये लंडनच्या वृद्धाश्रमांत तपासणी झाली तेव्हा एकाहून जास्त ठिकाणी काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये संसर्गाची शक्यता तिप्पट दिसली. मावशींचीही तेव्हा दोन घरं होती. सकाळी आमच्याकडे, संध्याकाळी होटगी रोडला. का? एका घराच्या पैशात भागत नव्हतं. आणि पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोच्या बाईला सुट्टी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे पैसे कापले. अशा बाईला घसा खवखवतोय हे सांगायची सोय आपण ठेवलेलीच नसते. माझं स्पष्ट मत आहे की घरात वृद्ध असतील तर मदतनिसाचा एका घरात भागेल इतका पगार आणि भरपगारी आजारपणाची रजा यांची जागा मास्क आणि लशीच्या रांगेत आहे. आम्हाला हे सुचलं ते आत्या दवाखान्यात गेल्यावर. ती घरी परतली तेव्हापासून मावशी चोवीस तासांवर आमच्याकडेच राहिल्या, होटगी रोडच्या घराचे पैसे आम्ही भरले.

त्याच सुमाराला स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे दुधाचा हिशेब लिहायचा त्या चौकोनांत, मावशींनी रोज चार गोष्टी लिहायला सुरुवात केली. ताप, ऑक्सिजन, जेवण, झोप. पाचवी नोंद फक्त काही दिवशीच असायची. एक छोटा कप काढलेला आणि त्यावर फुली.